पडद्यावरील मजकूर आणि वर्गाचे अवधान

महाविद्यालयांच्या वर्गांतून अलीकडे विद्यार्थ्याच्या परीक्षेचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. नेमून दिलेल्या विषयाचा अभ्यास करून तो दहा-पंधरा मिनिटांत सहाध्यायांपुढे मांडावयाचा, आणि त्या मांडणीच्या साहाय्यास प्रोजेक्टरवरून काही स्लाइड दाखवावयाच्या, असे त्याचे स्वरूप असते. ‘पीपीटी’ या त्रोटक नावाने ही पद्धत शाळांपर्यंतही पोहोचली आहे. परंतु ती शिकवण्याची तजवीज अभ्यासक्रमात क्वचितच आढळते. परिणामी होते असे की, विद्यार्थी पुस्तकातील परिच्छेदच्या परिच्छेद पडद्यावर उतरवून घेतो, वर्गाकडे पाठ करून ते वाचीत राहतो, आणि ज्या विषयासाठी त्याने रात्री जागविल्या तो विषय समोरच्या बाकांपर्यंतसुद्धा पोहोचत नाही. श्रमाचा हा अपव्यय टाळता येण्याजोगा आहे, म्हणूनच त्याचा विचार आस्थेने करावयास हवा.

या साधनाचा जन्म वर्गात झालेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. 1987 साली कॅलिफोर्नियातील ‘फोरथॉट’ या लहानशा कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉवरपॉइंट सिद्ध केले, ते मॅकिंटॉश संगणकावर कृष्णधवल पारदर्शिका तयार करता याव्यात म्हणून. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरांना विकत घेतली. कचेऱ्यांतील बैठकांसाठी घडलेल्या या साधनाबरोबर, वर मथळा आणि खाली ठिपके देऊन मांडलेली कलमे, हा साचाही सर्वत्र पसरला. कलमांची अशी फेरिस्त लिहिणाऱ्यास सोयीची असते खरी. परंतु ठिपक्याखाली ठिपका मांडला की त्यांतील कारण कोणते, कार्य कोणते, मुख्य काय आणि गौण काय, हे सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या शिरावरून नकळत उतरते आणि वाचणाऱ्याच्या माथी येते.

ही गोष्ट किती गंभीर ठरू शकते याचा दाखला इतिहासात नमूद आहे. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयानाने उड्डाण केल्यावर 82 सेकंदांच्या आतबाहेर इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताचे विवेचन नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडांच्या रूपाने ठेवले. त्यांतील एका स्लाइडच्या मथळ्यावरून चाचण्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत असा समज होत होता. मात्र चाचणीतील तुकडा 3 घन इंचांचा, तर प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचा अंदाज 1920 घन इंचांचा, म्हणजे 640 पट मोठा, ही सर्वांत महत्त्वाची माहिती गौण कलमांखाली अगदी तळाशी पडली होती. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या भीषण दुर्घटनेचे खापर एका स्लाइडवर फोडणे न्यायाचे होणार नाही; तथापि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेल्या त्या स्लाइडच्या चिकित्सेला स्थान दिले, आणि तांत्रिक निबंधांऐवजी अशा स्लाइडांवर विसंबून राहण्याच्या प्रथेविषयी स्पष्ट नापसंती नोंदविली. वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती कोणाचे प्राण नसतात, परंतु मुख्य गोष्ट तळाशी दडपण्याचा दोष तोच असतो.

हा दोष टाळावयाचा तर श्रोत्याच्या मनाचा व्यापार समजून घेतला पाहिजे. मनुष्य एका वेळी सुमारे सात गोष्टी ध्यानात धरू शकतो, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली मांडले. पुढे त्याच शास्त्रातील नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये ही मर्यादा चारच्या आसपास आणून ठेवली. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून असे दिसून आले की, चित्र दाखवून त्याचे विवरण मुखाने केले असता शिकणाऱ्यास ते चांगले उमगते. परंतु तेच शब्द त्याच वेळी पडद्यावरही लिहून दाखविले, तर आकलनास मदत होण्याऐवजी बहुधा अडथळाच होतो. कारण लिखित आणि उच्चारित शब्द मनात अखेर एकाच भाषेच्या वाटेने शिरतात आणि परस्परांची गती रोखतात. श्रोता वक्त्यापेक्षा लवकर वाचतो, पुढच्या ओळीवर जाऊन थांबतो, आणि मग वाचण्यासारखे काही उरले नाही म्हणून त्याचे ऐकणेही थांबते. यावरून जे सूत्र निघते, त्यातच या विद्येचे सार आहे: बोलणे कानासाठी राखावे आणि पडद्यावर तेच ठेवावे जे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पटणार नाही.

सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस कमी का पडतो, हा भूगोलाचा परिचित विषय उदाहरणादाखल घेऊ. सामान्यतः अशा स्लाइडवर ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असा मथळा येतो, आणि त्याखाली व्याख्या, कारणे, जिल्हे, पिके असा सात-आठ कलमांचा ऐवज कोंबलेला असतो. मथळ्याने विषयाचे नाव कळते, विषयाविषयी काय म्हणावयाचे आहे ते कळत नाही. त्याऐवजी ‘घाटमाथा ओलांडताच पाऊस एकदम घटतो’ असे पूर्ण विधान माथ्यावर लिहावे, आणि खाली केवळ दोन स्तंभ काढावेत: महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून घाट उतरून सुमारे 30 किलोमीटरांवरील वाईत एक हजार मिलिमीटरही पडत नाही. ते विलक्षण अंतर डोळ्यांना दिसले, की ‘असे का?’ हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उठतो, आणि प्रश्न उठला की उत्तर ऐकण्यास तो उत्सुक होतो.

दुसऱ्या स्लाइडवर अरबी समुद्रापासून दख्खनच्या पठारापर्यंतचा आडवा छेद काढावा. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगरास अडून वर चढतात, थंड होतात, बाष्पाचे पाणी होते. पलीकडे उतरताना तेच वारे उबदार व कोरडे होतात. हा सारा क्रम विद्यार्थ्याने तोंडाने सांगावा आणि चित्रातील बाण एकेक करून प्रकट करावे, म्हणजे डोळा व कान एकाच ठिकाणी राहतात. तिसऱ्या स्लाइडवर सातारा जिल्ह्याचा नकाशा ठेवून त्यातील माण आणि खटाव हे दुष्काळप्रवण तालुके दाखवावेत. येथे निसर्गाचा नियम माणसाच्या जीवनाशी जोडला जातो. तीन विधाने, तीन चित्रे, आणि शेष सर्व भाषण. अशी मांडणी तयार झाल्यावर केवळ मथळे ओळीने वाचून पाहावेत. ते वाचून सलग युक्तिवाद उभा राहत असेल तर रचना साधली, आणि तुटक वाटत असेल तर उणीव स्लाइडांच्या सजावटीत नसून विचारात आहे, असे समजावे.

यानंतर दृश्य बाजूचा विचार येतो. प्रोजेक्टर प्रकाश फेकू शकतो, काळोख फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा रंग हा खोलीतील उजेड जितका काळा राहू देईल तितकाच काळा असतो. यास्तव खिडक्यांतून ऊन येणाऱ्या आपल्या वर्गांत गडद पार्श्वभूमी करडी पडते आणि तिजवरील अक्षरे पुसट होतात. तेथे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी किंवा गडद निळी अक्षरेच हितावह ठरतात. तांबडा व हिरवा यांतील भेद काहींना, विशेषतः अनेक पुरुषांना, नीट ओळखता येत नाही, म्हणून भेद केवळ रंगाने न दाखवता प्रत्येक रेषेशेजारी तिचे नाव लिहावे. पुस्तकातील मोठा तक्ता जसाच्या तसा उचलण्याऐवजी त्यातील आपल्या विधानास आधार देणारे चार आकडे निवडावेत. फिरणारी अक्षरे, आवाज करीत येणारी चित्रे आणि नक्षीदार चौकटी यांना रजा द्यावी; त्या जे अवधान घेतात ते विषयाच्या वाट्याचे असते.

मराठीतून मांडणी करणाऱ्याने आणखी काही पथ्ये पाळली पाहिजेत. देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि रफार रेघेच्या वर, तर उकार व कित्येक जोडाक्षरांचे अंश खाली जातात. त्यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते, आणि त्याच मापाची अक्षरेही पुष्कळदा लहान भासतात. मजकूर 28 ते 32 पॉइंटांहून बारीक नसावा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपाने उमटतो, आणि घरी सुंदर दिसलेली स्लाइड ऐन वर्गात वाचता येत नाही. म्हणून युनिकोडमध्ये टंकन करावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेला ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो’ यांसारखे फाँट विनामूल्य मिळतात. शिवाय पीडीएफ प्रत जवळ बाळगावी, आणि शक्य झाल्यास आदल्या दिवशी त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक स्लाइड स्वतः वाचून पाहावी.

सादरीकरणाच्या वेळी टिपणे हातातील कागदावर असावीत आणि दृष्टी वर्गाकडे. जेव्हा केवळ बोलावयाचे असेल तेव्हा पॉवरपॉइंटमध्ये इंग्रजी ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि सर्वांचे लक्ष पुन्हा वक्त्याकडे वळते. वीज गेली तरी खडू घेऊन फळ्यावर तोच छेद काढता येईल, इतका विषय आत्मसात झालेला असावा.

अध्यापकांचेही येथे कर्तव्य आहे. स्लाइडांची संख्या आणि रंगसंगती यांवर गुण दिले, तर विद्यार्थी संख्या व रंगच आणणार. त्याऐवजी संगणक उघडण्यापूर्वी प्रत्येकाकडून त्याच्या विषयाचे प्रतिपादन एका वाक्यात कागदावर लिहून घ्यावे, ते तपासावे, आणि सादरीकरण संपल्यावर वर्गातील दुसऱ्या कोणास ते स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. त्या दोन वाक्यांचा मेळ बसला, तर विद्यार्थ्याचे सादरीकरण यशस्वी झाले.