विश्लेषण : नव्या घड्याळाला जुना चेहरा कशासाठी? ‘फेवर ल्यूबा’चे पुनरागमन आणि क्रोनोग्राफचे गणित

मराठी घरांतल्या जुन्या कपाटात, चांदीच्या वाटीशेजारी किंवा दागिन्यांच्या डबीत, अनेकदा एक बंद पडलेले मनगटी घड्याळ सापडते. तबकडीवर नाव असते ‘फेवर ल्यूबा’. आजोबांना लग्नात किंवा नोकरीतून निवृत्त होताना मिळालेले. ही स्विस कंपनी 2024 मध्ये जिनिव्हातील घड्याळांच्या प्रदर्शनात पुन्हा अवतरली. यावेळी तिची मालकी भारतीय होती आणि तिने आणलेल्या घड्याळांत ‘सी स्काय रिव्हायव्हल’ हा क्रोनोग्राफ होता. घड्याळ नवे, पण चेहरामोहरा कंपनीच्याच जुन्या ‘सी स्काय’चा. मोबाइलवर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजता येत असताना काही लाख रुपयांचे, चावीवर चालणारे आणि मुद्दाम जुने दिसणारे घड्याळ कोण घेते आणि का?

फेवर ल्यूबा आणि मुंबईचा संबंध काय?

या घराण्याची सुरुवात 1737 साली स्वित्झर्लंडमधील ले लोक्ल या गावात अब्राहम फाव्र यांच्यापासून झाली, असे मानले जाते. पुढे 1815 मध्ये ल्यूबा हे भागीदार आले आणि नाव जोडनाव झाले. 1865च्या सुमारास फ्रित्झ फाव्र भारतात आले आणि मुंबई ही कंपनीची महत्त्वाची बाजारपेठ बनली. स्विस घड्याळांनी भारतात पाय रोवले ते मुंबई बंदरातूनच. 1886 मध्ये सुरू झालेली ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ही मुंबईचीच. रेल्वे आणि लष्करात तिची घड्याळे मोठ्या प्रमाणावर वापरली जात.

फेवर ल्यूबाने 1962 मध्ये ‘बिव्हुआक’ हे उंची आणि हवेचा दाब दाखवणारे मनगटी घड्याळ आणले, तर 1968 मध्ये ‘बॅथी’ हे पाण्याखालची खोली दाखवणारे. 1975 मध्ये एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या महिला, जपानच्या जुंको ताबेई यांच्या मनगटावर बिव्हुआक होते. सामान्य भारतीय घरांत मात्र ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’सारखी साधी, चावीची घड्याळे पोहोचली.

मग ही कंपनी मागे का पडली?

दोन कारणे. पहिले भारतातले. परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले आणि 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने ‘एचएमटी’ने बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’सारखे परवडणारे घड्याळ मिळू लागल्यावर स्विस घड्याळ ही चैन ठरली.

दुसरे कारण जगभरचे. 25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सायको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. विजेवर सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा स्फटिक कुठल्याही स्प्रिंगपेक्षा नेमकी वेळ देतो आणि तो बनवायला स्वस्त पडतो. 1970 मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे 90 हजार लोक काम करत होते. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या 30 हजारांच्या आसपास आली. अनेक जुनी नावे बंद पडली किंवा विकली गेली. फेवर ल्यूबाही हातोहात फिरत राहिली. 2011 मध्ये टाटा समूहातील टायटनने ती घेतली आणि 2023 मध्ये ती चंडीगडच्या ‘इथॉस’ या घड्याळविक्री समूहाकडे आली.

क्रोनोग्राफ म्हणजे नेमके काय?

नेहमीची वेळ दाखवत असतानाच एखाद्या घटनेला किती वेळ लागला हे वेगळे मोजणारे घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. शब्दाचा मूळ अर्थ ‘वेळ लिहिणारा’. 1821 मध्ये फ्रान्सच्या निकोला रियूसेक यांनी पॅरिसमधील घोड्यांच्या शर्यतीत असे यंत्र वापरले. ते तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका टाकत असे. मात्र 1816 मध्ये लुई म्वाने यांनी त्याहून आधी असे यंत्र पूर्ण केले होते, हे 2013 मध्ये उजेडात आले.

मनगटी क्रोनोग्राफला चावीच्या वर आणि खाली दोन बटणे असतात. वरचे दाबले की मोठा सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे दाबले की तो झटक्यात शून्यावर येतो. आत घडते ते असे : बटण दाबताच एक छोटे खांबांचे चक्र एक घर पुढे सरकते आणि चालू यंत्राला क्रोनोग्राफचे दातेरी चक्र जोडले जाते. काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराची पट्टी असते. शून्यावर आणताना एक हातोडी तिच्यावर आपटते. बदामाचा आकार असा असतो, की तो कुठल्याही स्थितीत असला तरी हातोडीच्या दाबाने फिरून एकाच जागी स्थिरावतो. म्हणून काटा दर वेळी बरोबर बारावर येतो.

बहुतेक आधुनिक यांत्रिक घड्याळांत तोलचक्राचे तासाला 28,800 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला 8. त्यामुळे सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत मोजता येते. त्याहून बारीक मोजमाप हवे असेल तर क्वार्ट्झ किंवा मोबाइलच बरा.

तबकडीच्या कडेवरचे आकडे कशाचे?

जुन्या धाटणीच्या क्रोनोग्राफची खरी ओळख त्याच्या कडेवरच्या मोजपट्टीत असते. या पट्ट्या तीन प्रकारच्या असतात आणि तिन्ही गोंदिया जिल्ह्यात बसूनही वापरता येतील.

पहिली टॅकीमीटर, वेग मोजणारी. गोंदिया हे मुंबई–हावडा मार्गावरचे जंक्शन. गोंदियाहून आमगावकडे जाताना खिडकीतून रुळालगतच्या किलोमीटरच्या पाट्या दिसतात. एका पाटीशी बटण दाबायचे, पुढच्या पाटीशी थांबवायचे. 40 सेकंद लागले तर काटा पट्टीवरच्या 90 या आकड्यासमोर थांबतो, म्हणजे गाडीचा वेग ताशी 90 किलोमीटर. गणित सोपे आहे : तासातले 3,600 सेकंद भागिले लागलेले सेकंद. गाडी ताशी 60च्या खाली असेल तर काट्याची एक फेरी पूर्ण होते आणि पट्टी उपयोगाची राहत नाही.

दुसरी पल्सोमीटर, डॉक्टरांसाठीची. नाडीचे 30 ठोके मोजून बटण दाबायचे. त्यासाठी 25 सेकंद लागले असतील तर काटा थेट 72 हा मिनिटाचा आकडा दाखवतो. पूर्ण मिनिट मोजत बसायला नको.

तिसरी टेलीमीटर, अंतर मोजणारी. तोफेचा जाळ दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या वेळेवरून तोफ किती दूर आहे, हे काढण्यासाठी सैनिक ती वापरत. तत्त्व एकच : प्रकाश तत्काळ पोहोचतो, आवाजाला एका किलोमीटरला सुमारे 3 सेकंद लागतात. धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे तत्त्व जास्त जवळचे आहे. रोवणीच्या दिवसांत मोकळ्या बांधीत वीज पडण्याचा धोका दरवर्षी असतो. वीज चमकली आणि 9 सेकंदांनी गडगडाट आला, तर वीज सुमारे 3 किलोमीटरवर पडली. हे अंतर 30 सेकंदांपेक्षा, म्हणजे साधारण 10 किलोमीटरपेक्षा, कमी असेल तर काम सोडून पक्क्या घरात जाणे हाच नियम आहे. झाडाखाली थांबायचे नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. यासाठी लाखाचे घड्याळ लागत नाही. मनात आकडे मोजले तरी चालते आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅपही मोफत मिळते.

उपयोग उरला नाही, तर मागणी कशाला?

क्वार्ट्झच्या लाटेत टिकलेल्या कंपन्यांनी यांत्रिक घड्याळ ‘वेळेचे साधन’ म्हणून विकणे सोडले आणि ‘कारागिरी’ म्हणून विकायला सुरुवात केली. कारागिरीला इतिहास लागतो. 1957चा ओमेगा स्पीडमास्टर 1969 मध्ये चंद्रावर गेला. त्याच वर्षी आपोआप चावी भरणारे पहिले क्रोनोग्राफ आले. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर 2017 मध्ये 1 कोटी 77 लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेले, तेव्हा जुन्या क्रोनोग्राफचे वेड घड्याळप्रेमींच्या वर्तुळाबाहेर पोहोचले.

अस्सल जुनी घड्याळे मात्र मोजकीच उरली आहेत. ती नाजूक असतात, पाणी लागले की बिघडतात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून कंपन्यांनी मधला मार्ग काढला : चेहरा जुना, आतले यंत्र नवे. टॅग ह्यूअरने 1963च्या ‘कॅरेरा’ला 60 वर्षे झाल्यावर फुगीर काचेची नवी आवृत्ती काढली. ओमेगाने स्पीडमास्टरचे जुने ‘321’ यंत्र पुन्हा बनवायला घेतले. फेवर ल्यूबाचा सी स्काय याच वाटेने आला.

जुने आणि नवे यांत फरक काय?

जुनी काच प्लास्टिकची असे, तिच्यावर चटकन ओरखडे पडत. आता कृत्रिम नीलमणी स्फटिकाची काच असते, पण तिलाही मुद्दाम जुन्यासारखा फुगवटा देतात. पूर्वी अंधारात चमकण्यासाठी काट्यांना रेडियम आणि नंतर ट्रिटियम हे किरणोत्सारी पदार्थ लावत. आता किरणोत्सारी नसलेला लेप असतो. जुना लेप वर्षानुवर्षांनी पिवळसर होतो. नव्या घड्याळात तो पिवळसरपणा पहिल्या दिवसापासून रंगवलेला असतो. काही जाणकार यालाच नाके मुरडतात : वय हे कमवायचे असते, विकत घ्यायचे नसते.

घरातले जुने घड्याळ खूप जुने असेल आणि काटे कधीकाळी अंधारात चमकत असतील, तर ते स्वतः उघडू नये. रेडियमची भुकटी श्वासातून आत जाणे धोक्याचे असते.

‘मुंबई स्पेशल’पासून सावध का राहायचे?

सी स्कायसारखे नवे घड्याळ परवडत नाही म्हणून अनेक जण ऑनलाइन जुने फेवर ल्यूबा शोधतात. दोन-तीन हजारांत चकचकीत, रंगीबेरंगी तबकडीचे घड्याळ मिळते. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याची पेटी आणि नव्याने रंगवलेली तबकडी अशी ही जोडणी असते. सुटे भाग मिळत नसताना कारागिरांनी याच हिकमतीने हजारो घड्याळे चालती ठेवली, त्यात गैर काही नाही. फसवणूक होते ती असे घड्याळ ‘मूळ’ म्हणून विकले जाते तेव्हा.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. नावाची अक्षरे वाकडी किंवा जाड, तबकडी कोरी करकरीत पण पेटी झिजलेली, कंपनीने कधी न वापरलेले भडक रंग. क्रोनोग्राफच्या बाबतीत तर साधी कसोटी आहे : छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या आहेत की त्यांचे काटे खरेच चालतात, आणि खालचे बटण दाबल्यावर सर्व काटे नेमके शून्यावर येतात का. आतल्या यंत्राचे छायाचित्र द्यायला विक्रेता तयार नसेल तर व्यवहार न केलेला बरा.

घ्यायचे ठरले, तर हिशेब कसा करावा?

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या ‘एफ्टा’ गटातील व्यापार करार 10 मार्च 2024 रोजी झाला आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. पण खर्च खरेदीपाशी थांबत नाही. यांत्रिक क्रोनोग्राफची साधारण 5 ते 7 वर्षांनी पूर्ण साफसफाई लागते. त्यात साध्या घड्याळापेक्षा कितीतरी अधिक भाग असल्याने हे काम महाग असते आणि बहुधा मोठ्या शहरातच होते. गुंतवणूक म्हणूनही त्याकडे पाहू नये. मोजकी मॉडेल सोडली तर बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते.

कपाटातल्या आजोबांच्या घड्याळाचे मात्र वेगळे आहे. त्याची तबकडी डागाळलेली असली तरी ती नव्याने रंगवून घेऊ नये. मूळ तबकडी गेली की संग्राहकांच्या लेखी घड्याळाचे बहुतेक मोल जाते. चांगल्या कारागिराकडून फक्त यंत्र साफ करून, तेल घालून घ्यावे. नव्या घड्याळाला जो जुनेपणा रंगवून आणावा लागतो, तो त्याच्याकडे आधीच आहे.