कानाच्या मापाचा साचा

जयपूर शहराचे नाव आज ज्या गोष्टींमुळे जगभर परिचित आहे, त्यांत ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाचा समावेश होतो. १९६८ च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर, लाकूड अशा साध्या पदार्थांपासून हा पाय घडविला. परदेशी बनावटीच्या पायावर बूट चढवावाच लागे. तो लावून उकिडवे बसणे, मांडी घालणे अथवा शेतातून अनवाणी चालणे कठीण होते. जयपूरच्या पायाने ही अडचण दूर केली. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय गरजूंना विनामूल्य बसविण्याचे कार्य हाती घेतले. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कृत्रिम अवयवाचे दोन भाग असतात. खालचे पाऊल ठरावीक आकारांत तयार करून ठेवता येते. परंतु ज्या पोकळीत रुग्णाच्या पायाचा उरलेला भाग बसतो, ती प्रत्येकासाठी वेगळी घडवावी लागते. त्यासाठी त्या भागावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून ठसा घेतात. त्या ठशात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती मिळवितात, आणि तापवून मऊ केलेली पॉलिएथिलीनची नळी त्या प्रतिकृतीवर चढवितात. ठसा चुकला, तर पाऊल कितीही उत्तम असले तरी कातडी सोलवटते आणि रुग्ण तो पाय कोपऱ्यात ठेवून देतो.

हेच तत्त्व शरीराच्या दुसऱ्या, फार लहान अवयवाला लागू पडते. तो अवयव म्हणजे कान. श्रवणयंत्राचा आवाज कानात पोहोचविणारा साचा असो किंवा संगीत ऐकण्याच्या इअरफोनला जोडलेला साचा असो, त्याची उपयुक्तता तो कानात किती नेमका बसतो यावर अवलंबून असते.

कानाच्या भोकाभोवती वाटीसारखी एक खोलगट जागा असते. तेथून कर्णनलिका आत जाते. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे २.५ सेंटिमीटर असते. ती सरळ नसून तिला दोन वळणे असतात. बाहेरचा सुमारे एक-तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचीक असतो. आतील भाग हाडाचा असून त्यावरील त्वचा अत्यंत पातळ असते. नलिकेच्या शेवटी कानाचा पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. कोणत्याही दोन माणसांच्या कर्णनलिका सारख्या नसतात; एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या कानांतही फरक आढळतो. शिवाय जबडा हलला की नलिकेचा आकार किंचित बदलतो.

दुकानात मिळणाऱ्या इअरफोनच्या टोकांना तीन-चार मापांची रबरी टोपणे असतात. ती अनेकांच्या कानात बरी बसतात, काहींच्या बसत नाहीत. फट राहिली की प्रथम खर्जाचे स्वर निसटतात आणि त्याच फटीतून रहदारीचा गोंगाट आत शिरतो. ऐकणारा मग आवाज वाढवितो. येथे खरा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. मात्र आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित कालावधी निम्मा होतो: ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास. अंतर्कर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे ग्रहण करतात, त्या मनुष्यात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. नीट बसणारा साचा बाहेरचा आवाज पुष्कळ कमी करतो. त्यामुळे कमी आवाजातही संगीत स्पष्ट ऐकू येते. रंगमंचावरील वादकांनी असे साचे वापरण्याचे एक कारण हेच आहे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाच्या बाबतीत साच्याचे महत्त्व याहून अधिक असते. साचा सैल झाला की यंत्रातून बाहेर पडलेला ध्वनी पुन्हा त्याच्याच ध्वनिग्राहकात शिरतो आणि शिटी वाजू लागते. मूल वाढत असते, तसा त्याचा कानही वाढतो. म्हणून लहान मुलांचे साचे दर काही महिन्यांनी बदलावे लागतात. यंत्र उत्तम असूनही साचा जुना झाल्यामुळे मूल यंत्र काढून ठेवते, आणि भाषा शिकण्याचे मोलाचे दिवस वाया जातात.

साचा कसा तयार होतो ते आता पाहू. प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ प्रथम प्रकाशयंत्राने कानाची तपासणी करतो. मळ साठला आहे काय, पडद्याला छिद्र आहे काय, हे पाहिल्यानंतर दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजाचा लहानसा बोळा दुसऱ्या वळणापलीकडे ठेवला जातो. हा बोळा म्हणजे बांध होय. ठशाचा पदार्थ त्यापलीकडे जाऊ शकत नाही. त्यानंतर दोन घटक एकत्र केलेले मऊ सिलिकोन पिचकारीने भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते. पायाच्या ठशात पोकळी मिळते. कानाच्या ठशात याउलट पोकळीचा भरीव आकार हाती येतो. त्याभोवती दुसरा साचा करून त्यात ॲक्रिलिक किंवा सिलिकोन ओततात. अलीकडे ठशाची संगणकीय प्रतिमा घेऊन त्रिमितीय मुद्रणानेही साचे बनवितात.

हे काम घरी करता येईल काय? येथे दोन भाग वेगळे करणे आवश्यक आहे. भोकाबाहेरील वाटीचा आकार घेणे तुलनेने सोपे आहे. कानासाठीच बनविलेल्या, कणकेसारख्या दोन घटकांच्या सिलिकोनचे समान गोळे एकजीव मळावेत. इअरफोन नेहमीप्रमाणे कानात ठेवून हे मिश्रण त्याच्याभोवती वाटीतच हलके दाबावे, आणि वेष्टनावरील सूचनेत दिलेला वेळ स्थिर बसावे. नंतर साचा ओढून न काढता हळूच फिरवून काढावा. मळताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नयेत. त्यांतील गंधकामुळे अशा सिलिकोनचे काही प्रकार घट्टच होत नाहीत. खिडक्यांच्या फटी बुजविण्याचे सिलिकोन, नळदुरुस्तीचे इपॉक्सी किंवा गोंद मुळीच वापरू नये. हे पदार्थ त्वचेला अपाय करतात, आणि काही घट्ट होताना तापतात. कान दुखत असेल, वाहत असेल अथवा त्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा बाहेरचा प्रयोगही टाळावा.

कर्णनलिकेच्या आतील ठसा मात्र घरी कधीही घेऊ नये. बांध न घालता भरलेला पदार्थ पडद्यापर्यंत पोहोचून तेथेच घट्ट होतो. पडद्याला छिद्र असल्यास तो मध्यकर्णात शिरतो, आणि तो काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. स्वतःच्या कानाच्या आत स्वतःला पाहता येत नाही, एवढे कारणही पुरेसे आहे.

जयपूरच्या अनुभवाचा अर्थ कोणीही काहीही घरी करावे, असा नाही. तेथे कारागिराचा हात आणि वैद्याचे ज्ञान एकत्र आले, म्हणून साधे रबर उपयोगी पडले. कानाचा ठसा जाणकाराकडून घ्यावा. साच्याची स्वच्छता, त्याची निगा आणि आवाजाची मर्यादा ही कामे स्वतः करावीत. साचा ओल्या फडक्याने पुसून कोरडा ठेवावा. रस्त्याने जाताना तो कानात घालू नये, कारण तो मोटारीचा भोंगाही अडवितो. आणि साचा नीट बसल्यावर पूर्वीपेक्षा आवाज कमी ठेवण्यास विसरू नये. तसे न केल्यास एवढा खटाटोप करून कानाचे रक्षण होणार नाही.