नवा मासा आणि जुना दादा: छोट्या सॉल्टवॉटर टँकमधली मारामारी

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. "दादा, नवा मासा सोडला की जुना त्याला धुतो. काय करू?"

आधी माझा गाढवपणा सांगतो. माझा टँक ८० लिटरचा. पहिला मासा घेतला निळा डॅम्सल, कारण स्वस्त आणि काटक. दोन महिन्यांनी फायरफिश आणला. पांढरा-लाल, बारीक, स्वभावाने अगदी गरीब. हा घाबरला की बिळात शिरतो, बीळ मिळालं नाही तर उडी मारतो. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलाखाली वाळलेला सापडला. टँकवर जाळी नव्हती ना!

आता डॅम्सल व्हिलन वाटेल. पण समुद्रात हे मासे खडकाचा आपापला तुकडा राखतात. काही जाती तर त्यावर शेवाळाची चक्क शेती करतात, नको ते तण उपटून टाकतात. तिथे हरलेला मासा पळून जातो, विषय संपतो. ८० लिटरमध्ये पळणार कुठे? सगळा टँकच डॅम्सलचा सातबारा झालेला. आमच्या भाषेत, बग डिप्लॉयमेंटच्या क्रमात होता. गरीब मासा आधी, दादा सगळ्यात शेवटी. आणि खरं सांगू? एवढ्या टँकमध्ये डॅम्सल घेऊच नका.

घेऊन बसला असाल तर? दादाला बाहेर काढा. पकडताना दगड हलवावे लागतातच, ते परत रचताना जागा बदलून रचा, म्हणजे त्याची जुनी हद्दच पुसली जाते. भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात त्याला टँकमध्येच दोन-चार दिवस लटकवा. तोवर नवा मासा लपायची जागा शोधतो. मग लाईट बंद करून दादाला सोडायचं. तरी भांडला तर बाहेरून काचेला आरसा लावा, थोडा वेळ तो स्वतःशीच भांडत बसतो. हा उपाय तात्पुरता हं.

एक मात्र ओळखायला शिका. दोन क्लाऊनफिशमधला छोटा आडवा होऊन थरथरतो, ते आजारपण नाही. "बाई, तू मोठी" असं तो कबूल करतोय. बाई का? तर क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, जोडीत वरचढ असतो त्याची मादी होते. म्हणून जोडी घेताना एक मोठा, एक लहान घ्या. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक जीव जाऊ शकतो. थोडं टोचणं, पाठलाग चालतो. पण पंख फाटले, खाणं सुटलं, मासा वरच्या कोपऱ्यात चिकटून राहिला, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी वेगळं करा.

माझा डॅम्सल मी दुकानात परत दिला. पैसे मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत. आता टँकवर जाळी आहे, आत क्लाऊनची जोडी आहे. नवा फायरफिश आणायचं धाडस अजून झालेलं नाही.