ब्लोअरची किरकिर

पेट्रोलच्या गाडीत जो आवाज वर्षानुवर्षं कुणाच्या कानावर गेला नसता, तो विजेच्या गाडीत पहिल्याच सिग्नलला ऐकू येतो. इंजिनच नाही, त्यामुळे त्याची घरघर नाही. गाडी थांबली की आत उरतो तो डॅशबोर्डमागच्या पंख्याचा वारा, आणि त्या पंख्याने किरकिर धरली की तिला लपायला जागा राहत नाही. गंमत म्हणजे बाहेरच्या बाजूला याच शांततेचा सरकारांना घोर लागला आहे. युरोपात जुलै २०१९ पासून विजेच्या गाड्यांच्या नव्या मॉडेल्सना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या विजेच्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना मुद्दाम आवाज करावा लागतो, रस्त्यावरच्या माणसाला चाहूल लागावी म्हणून. आत बसलेल्याला मात्र नको असलेला आवाज फुकटात मिळतो.

विजेची गाडी घरच्या घरी दुरुस्त करता येते का, याचं उत्तर आणा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्यांच्या मनात बॅटरी असावी. मी शोधत शोधत पोचलो तो पिंपळे गुरवमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि बॅटरी राहिली बाजूला. तिथे एक निवृत्त फिटर मुलीच्या गाडीच्या ब्लोअरची मोटार बदलणार होते. दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इलेक्ट्रिकलच्या कामात त्यांची सगळी नोकरी झाली. वायपरच्या मोटारी, डायनॅमो, स्टार्टर हा त्यांचा रोजचा धंदा. सोसायटीत त्यांना सगळे काका म्हणतात, मीही काकाच म्हणू लागलो.

मुलगी हिंजवडीला नोकरी करते. तिची तक्रार साधी होती. थंडीत सकाळी हीटर लावला की चिरचिर सुरू होते, आणि फोनवर बोलायचं तर समोरचा विचारतो, मागे चिमण्या आहेत का?

पुण्यात हीटरचं बटण वर्षातून किती दिवस दाबलं जातं हा प्रश्न रास्त आहे. पण ब्लोअर हा काही एकट्या हीटरचा नोकर नाही. उन्हाळ्यात एसीचा गारवा तोच ढकलतो, डिसेंबरात ऊब तोच ढकलतो, आणि जुलैत ताम्हिणी घाटात काचेवर धुकं धरलं की ते उडवायलाही तोच लागतो. त्याने भर पावसात घाटात मान टाकली तर समोरचं वळण दिसत नाही. म्हणून ही किरकिर नुसती कानाला त्रास म्हणून सोडून देता येत नाही.

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यातलीच थोडी आत घेतली की हीटर झाला, ऊब फुकट. विजेच्या गाडीत ती बॅटरीतूनच काढावी लागते. बहुतेक गाड्यांत त्यासाठी सिरॅमिकच्या पट्ट्यांचा हीटर असतो, बेरियम टायटनेटचा. या पदार्थाचा गुण असा की ठरावीक तापमानापुढे त्याचा विद्युतरोध झपाट्याने वाढतो आणि तो आपोआप कमी वीज ओढू लागतो. अशा हीटरला तीन ते सहा किलोवॅट लागतात. ब्लोअर पूर्ण वेगाने फिरला तरी त्याचं काम शे-दोनशे वॅटमध्ये भागतं. पण हा किरकोळ खर्चाचा पंखा थांबला तर पट्ट्यांवरून वारा जात नाही, त्या लगेच तापतात, वीज घेणं कमी करतात, आणि एवढा मोठा हीटर धडधाकट असूनही गाडी थंडच राहते.

काकांनी हत्यारांना हात लावायच्या आधी बराच वेळ नुसतं ऐकलं. गाडी चालू केली, एसी बंद ठेवला. विजेच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो आणि त्याची स्वतःची बारीक शीळ असते, ती मध्ये यायला नको. ब्लोअर एक नंबरवर. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक ब्लोअरच्या प्लास्टिकच्या घराला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला.

“टकटक वाजत असेल तर आत पान-काडी अडकली,” ते म्हणाले. “घरघर असेल आणि डॅशबोर्ड थरथरत असेल तर पंख्याचा तोल गेला. आणि सकाळी गार असताना चिरचिर, पाच मिनिटांनी गप्प, तर बुश.”

त्यांनी आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबलं. आवाज तसाच. म्हणजे झडपेचा दोष नाही. मुलीला म्हणाले, “अगं, एक चक्कर मार, आणि गेटपाशी जरा झपकन वळव.” आम्ही मागे बसलो. वळणावर चिरचिर एकदम चढली आणि गाडी सरळ होताच उतरली. काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. वळताना पंख्याचं वजन शाफ्टला एका बाजूला दाबतं. बुश झिजलेला असला की तिथेच तो बोलतो.

हा बुश म्हणजे पितळी रंगाची बोटभर नळी. काशाची भुकटी दाबून, तापवून ती बनवतात. तिच्या अंगात बारीक छिद्रं राहतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. शाफ्ट फिरून नळी तापली की तेल बाहेर झिरपतं, गार झाली की परत आत शोषलं जातं. वर्षानुवर्षं वंगण न घालता चालणारी ही मोठी हुशार रचना आहे. तिचा वैरी एकच, धूळ. बारीक धूळ तेल शोषून घेते आणि बुश कोरडा पडतो.

“मग तेलाचा एक थेंब टाकला तर?” मी विचारलं.

“टाका की. पंधरा दिवस गप्प बसेल,” काका म्हणाले. “आणि लोक तो डब्यातला फवारा मारतात ना, त्याने तर उरलंसुरलं तेलही धुऊन जातं. झीज कुठे भरून येते तेलाने?”

गाडी बंद केली, किल्ली घरात पाठवली. पुढचं झाकण उघडून बारा व्होल्टच्या लहान बॅटरीची काळी तार काढली आणि काका दहा मिनिटं स्वस्थ बसले. ग्लोव्ह बॉक्सच्या वरच पुढच्या प्रवाशाची एअरबॅग असते, तिच्या साठ्यातली वीज उतरू द्यायची. तिच्या पिवळ्या जोडणीकडे त्यांनी बोट दाखवलं, हात लावला नाही.

मग ते डाव्या सीटखाली उताणे झाले, डोकं पायांच्या जागेत. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला. खालचं जाजमासारखं आवरण काढलं. वर काळ्या प्लास्टिकच्या गोल बुडाची मोटार दिसली, तिला तीन स्क्रू. दोन समोर होते. तिसरा गाडीच्या भिंतीकडे तोंड करून, हात जेमतेम जाईल अशा फटीत बसवला होता. मी ज्यासाठी आलो होतो ते सगळं या एका स्क्रूपाशी येऊन थांबलं. कारखान्यात ब्लोअर-हीटरचं हे सगळं खोकं आधी बाहेर जोडतात आणि मग डॅशबोर्डासकट गाडीत सरकवतात. तिथे हा स्क्रू समोरासमोर असतो. तो कुणाला पुन्हा काढावा लागेल हे रेखाटणाऱ्याच्या ध्यानात नसावं, किंवा असूनही त्याला त्याची पर्वा नसावी. काकांनी आठ नंबरचं सॉकेट आखूड रॅचेटवर चढवलं. एका वेळी दोन दात, दोन दात, असा तो स्क्रू सुटत गेला. डोळे मिटलेले होते, कारण तिथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. शेवटचे आटे त्यांनी बोटानेच काढले, स्क्रू आत पडू नये म्हणून.

मोटार किंचित फिरवून खाली आली. वर चाळीसेक वाकड्या पट्ट्यांची दुरडी असावी तसा पंखा, आणि त्यात पिंपळाच्या पानांचे देठ, केसांचा गुंता आणि उंदराने कुरतडलेल्या फोमचे तुकडे. मुलगी म्हणाली, “बाबा, हे सगळं आपण श्वासात घेत होतो?”

या पंख्याचं कूळ थेट आसामात निघतं. सॅम्युएल डेव्हिडसन हा आयर्लंडचा तरुण १८६४ साली काछारच्या चहामळ्यात कामाला आला. तेव्हा चहाची पानं कोळशाच्या निखाऱ्यांवर वाळवत. त्याने गरम हवा पानांमधून खेचणारी यंत्रं बनवली, परत जाऊन १८८१ मध्ये बेलफास्टला कारखाना काढला आणि त्याला वाळवंटातल्या उष्ण वाऱ्यावरून ‘सिरोको’ हे नाव दिलं. १८९८ च्या सुमारास त्याचा मोठा शोध आला. मोजकी रुंद पाती लावायची रूढ पद्धत सोडून त्याने कडेला पुष्कळ अरुंद पाती बसवली, तीही फिरण्याच्या दिशेने पुढे वाकलेली. कमी जागेत, कमी वेगात जास्त वारा. जहाजांच्या आणि खाणींच्या हवेसाठी तो पंखा जगभर गेला. चहा सुकवायला निघालेली ही कल्पना आज जवळजवळ प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डमागे फिरते आहे, गाडी कशावरही चालो.

काकांनी पंख्याच्या कडेला चिकटलेली एक इवलीशी धातूची चिमटी दाखवली. “ही कचरा नाही हं. तोलासाठी लावलेली असते. साफ करताना लोक उपटून टाकतात आणि मग गाडी थरथरते म्हणून परत येतात.” नवी मोटार तिच्याच पंख्यासकट बसवायची, बुडाची फोमची कडी जुनी वापरायची नाही, आणि मोटारीला गार हवा देणारी छोटी रबरी नळी विसरायची नाही. ती राहिली तर मोटार तापून जळते. एवढ्या सूचना देत त्यांनी नवी मोटार वर चढवली. तिसरा स्क्रू लावायला काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

इथवर सगळं सोपं वाटलं असेल, तर खरी अडचण आता सांगतो. ती विजेची नाही, पण विजेच्या नावाखाली सांगितली जाते.

धोका खोटा नाही. विजेच्या गाडीत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात, आणि ते वाहून नेणाऱ्या तारा ठळक नारिंगी असतात. ब्लोअर बारा व्होल्टचा, पण हीटर बहुतेक वेळा त्याच खोक्यात असतो आणि त्याच्याकडे नारिंगी तार जाते. काकांचा नियम कडक होता. नारिंगी दिसलं की हात मागे. आपली मोटार खालून, नारिंगीला न शिवता निघत असेल तरच काढायची. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल तर ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम. पण याच नारिंगी तारेचं भय दाखवून ग्राहकाला वायपरच्या पट्टीपासूनही लांब ठेवलं जातं.

मुलीने आधी सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं. तिथे सांगितलं, मोटार सुटी येत नाही, अख्खं खोकं बदलावं लागेल. म्हणजे एक बुश गेला म्हणून झडपा, हीटर, गारव्याची जाळी, सगळंच. शिवाय बाहेर हात लावला तर वॉरंटीचं आम्ही बघणार नाही, हे आलंच. काका हे ऐकून तडक नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. आपल्याकडच्या बऱ्याच विजेच्या गाड्या पेट्रोलच्या भावंडाच्या सांगाड्यावरच उभ्या असतात, आणि एसीची खोकी बनवणाऱ्या कंपन्या दोन्हींना बऱ्याचदा एकच ब्लोअर देतात. जुन्या मोटारीवरचा नंबर, जोडणीचा आकार आणि फिरण्याची दिशा, हे तिन्ही जुळवून त्यांनी पेट्रोलच्या मॉडेलची मोटार आणली. दिशेचं विशेष, कारण उलट फिरणारी मोटार लावली तरी असा पंखा वारा त्याच बाजूला फेकतो, फक्त अगदी मरगळलेला. माणूस महिनाभर फिल्टर बदलत बसतो.

पण ही वाट अरुंद होत चालली आहे. नव्या गाड्यांत कार्बन ब्रश नसलेल्या मोटारी येतात. त्या टिकाऊ आणि शांत आहेत, यात वाद नाही. मात्र वेग ठरवणारं इलेक्ट्रॉनिक्स त्यांच्या पोटातच असतं. दोन जाड तारांबरोबर हुकमाची एक बारीक तार येते, आणि तो हुकूम मिळाल्याशिवाय मोटार हलत नाही. बॅटरीला दोन तारा लावून ‘चालते का बघू’ म्हणायची सोय संपली.

कायद्याचं पाऊल हळू पडतंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ मध्येच केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर गाड्याही तिच्या यादीत होत्या. वर्षअखेरीस पोर्टलही सुरू झालं. सुटा भाग विकायची सक्ती मात्र त्यातून आली नाही.

दापोडीत वायपरची मोटार बंद पडली तर आधी कार्बन बदलायचा, मग बुश, मग वाइंडिंग, आणि सगळं हरलं तरच मोटार भंगारात, असा क्रम होता, हे काका सांगत होते. तो क्रम गरिबीतून आला असेल, पण त्यात हिशेब होता. आज आपण धूर नको म्हणून विजेची गाडी घेतो आणि बोटभर बुशापायी पेटीभर प्लास्टिक फेकायला तयार होतो. हा हिशेब कुणी मांडायला बसत नाही.

तेव्हा संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर असं: हो, येते, जिथवर नारिंगी लागत नाही आणि जिथवर भाग सुटा मिळतो तिथवर. पहिली मर्यादा निसर्गाची आहे, दुसरी दुकानदारीची. गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलात की एका चार्जमध्ये किती किलोमीटर हे सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा, ब्लोअरची मोटार सुटी मिळते का? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.