चूक पिंपळगावात, अडवणूक दुबईत

पिंपळगाव राजाहून परदेशाचा रस्ता तसा सरळ आहे. खामगाव नाहीतर नांदुरा गाठायचं, रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान. माणूस अडतो तो कागदावर. विमानतळावरच्या काउंटरवर जो कागद आडवा येतो, तो बहुतेक वेळा काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एखाद्या सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत घाईघाईनं भरलेला असतो.

नावाचंच घ्या. शाळेच्या टीसीवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर आडनाव शेवटी. लग्न झालेल्या बाईच्या टीसीवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं आणि बँकेच्या पासबुकात नावामागे 'बाई' लागलेलं. 'वानखडे' हे एकच आडनाव भावाभावांच्या कागदांवर इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आपल्या वऱ्हाडात आणखी एक खास प्रकार आहे: 'शे. रफीक शे. युनूस'. तलाठ्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना हे 'शे.' म्हणजे शेख हे ठाऊक असतं. पासपोर्टच्या अर्जात मात्र रकाने दोनच, आडनाव आणि दिलेलं नाव. फॉर्म भरणारा पोरगा अख्खं नाव दुसऱ्या रकान्यात ढकलतो आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडतो. नागपूरच्या कार्यालयातून पासपोर्ट येतो, पिंपळगाव राजा पोलीस ठाण्यातली पडताळणीही बिनबोभाट पार पडते. घरात पेढे वाटले जातात.

आणि मग दुबई. संयुक्त अरब अमिरातीनं २१ नोव्हेंबर २०२२ पासून नियम केला की पासपोर्टवर एकच नाव असेल, म्हणजे नाव किंवा आडनाव यातला एक रकाना कोरा असेल, तर पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असलेल्यांना काही सवलत पुढे मिळाली, तरी अडवणूक नको असेल तर उपाय एकच: व्हिसाच्या आधी पासपोर्ट दुरुस्त करून घेणे. ही अडवणूक बहुधा मुंबईतच होते, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो. त्यामुळे काउंटरवरची मुलगी कठोर वाटते. तिच्याशी हुज्जत घालून काही निष्पन्न होत नाही.

याहून मोठा घोटाळा कामाला जाणाऱ्यांचा. 'आत्ता टुरिस्टवर जा, तिकडं पोचला की वर्क व्हिसा लावून देतो,' हे एजंटाचं ठरलेलं वाक्य. ते तो कोणाला ऐकवतो, हे बघण्यासारखं आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' शिक्का असतो. असा माणूस सौदी, कतार, कुवेत, ओमान, अमिराती, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला निघाला तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारची परवानगी लागते. ती देताना करार, पगार, मालकाचं नाव हे सगळं नोंदलं जातं, आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. एजंटाला ही नोंद नको असते. टुरिस्ट व्हिसा काढला की ती आपोआप टळते, आणि तिच्याबरोबर कामगाराचं संरक्षणही जातं. तिकडं पगार थकला, मालकानं पासपोर्ट काढून घेतला, की हा माणूस कायद्याच्या दृष्टीनं फिरायला आलेला आणि मुदत उलटूनही राहिलेला. तक्रार करायची तर आधी दंडाचा हिशेब. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, त्याहून जास्त नाही. दीड-दोन लाख मागणाऱ्याला पावती मागून बघा, चेहरा बदलतो.

अमेरिकेचं दुखणं वेगळं. तिथं मुलाकडं जाणारे आईवडील दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणून निर्धास्त असतात. पण व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायची मुभा. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते, बहुधा सहा महिन्यांची. व्हिसावरची दहा वर्षांनंतरची तारीख बघून ही नोंद कोणी उघडतच नाही. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परतलं तर पुढची तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा. नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसाला गेलेल्या आजीला दुसऱ्या नातवंडाच्या बारशाला जाता येत नाही ते यामुळं. लंडनमार्गे स्वस्त तिकीट काढणाऱ्यांनीही जपावं: मोजके अपवाद सोडले तर नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

चोरवाटेचं तर बोलायलाच नको. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. हा पंजाब-गुजरातचाच प्रश्न, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून पशुपतिनाथाच्या यात्रेला लोक आधार कार्ड घेऊन निघतात. १५ ते ६५ वयाच्या माणसाचं आधार तिथल्या प्रवासासाठी चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. विमानानं जाणाऱ्यांना हे हमखास भोवतं.

कागदापुढे मोठमोठ्यांचं काही चालत नाही. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या पायाभरणीतले. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर एवढं काम केलं की दिएगो रिव्हेरानं तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी यायला व्हिसा मागितला, तर तो आधी नाकारला गेला! इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि स्वतंत्र भारताच्या कचेऱ्या तीच यादी उघडून बसल्या होत्या. निर्णय पुढे फिरला आणि खानखोजे परतले, पण ज्या देशासाठी घर सोडलं त्याच देशाच्या व्हिसासाठी त्यांना ताटकळावं लागलं. कचेरीला माणूस दिसत नाही, नोंद दिसते. तेव्हाही आणि आजही.

परदेशात अटक झालीच तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिलेला आहे. तो न घाबरता मागावा. गावी असलेल्या घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मात्र एजंटाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट'वर तपासा, नाहीतर १८००११३०९० या मोफत क्रमांकावर विचारा. आणि घरातले सगळे पासपोर्ट याच दिवाळीत बाहेर काढून आडनावाचा रकाना कोरा नाही ना, तेवढं बघून घ्या.