कुलूप लागलंय, तरी शंका का?

घराबाहेर पडताना कुलूप एकदा ओढून पाहणं, गॅस बंद केला ना म्हणून मागे फिरणं, हे कुणीही करतं. मंत्रचळ म्हणजे ओसीडी असलेला माणूस मात्र कुलूप दहादा ओढतो, जिना उतरून पुन्हा वर येतो. कुलूप लागलेलं त्याला दिसतं, पण खात्री पटत नाही. नकोसा विचार येतो, जीव कासावीस होतो, तपासलं की घटकाभर बरं वाटतं. हे बरं वाटणंच सवय पक्की करतं.

मनोविकारांचे गट लक्षणं, त्यांचा कालावधी आणि रोजच्या जगण्यातला अडथळा पाहून ठरतात. नैराश्य भावविकारांत मोडतं, स्किझोफ्रेनिया मनोविकृतींत. ओसीडी आधी चिंताविकारांत धरला जाई. २०१३ मध्ये अमेरिकेच्या ‘डीएसएम-५’ या वर्गीकरणाने त्याला वेगळं प्रकरण दिलं. अशा विचार-कृतींत रोज तासाहून जास्त वेळ जाणं ही त्याची एक ढोबळ खूण.

उपचारात थेरपिस्ट पायरीपायरीने सराव करून घेतात: कुलूप एकदाच लावायचं, मागे न फिरता अस्वस्थता ओसरू द्यायची. सेरोटोनिनवर काम करणारी औषधंही उपयोगी पडतात. गुण यायला काही आठवडे लागतात. घरच्यांनी दर वेळी ‘हो, लावलंय’ म्हणत राहिलं, तर शंकेलाच खतपाणी मिळतं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत असून चोवीस तास सुरू असते.