इकामा संपला की कार्डही संपते

दौंडच्या आमच्या मामूंच्या पाकिटात अजूनही एक प्लास्टिकचे कार्ड आहे. त्यावर त्यांचे नाव, इकामा नंबर आणि सौदी विमा कंपनीचा शिक्का. दम्माममध्ये एसी मेकॅनिक म्हणून 26 वर्षे काढून 61 व्या वर्षी ते कायमचे घरी आले. बाकी सगळे तिथेच सोडले, हे कार्ड मात्र पाकिटात राहून गेले. चौथ्या महिन्यात फजरच्या सुमारास छातीत कळ आली. पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयात काउंटरवर विचारले, "इन्शुरन्स आहे का?" मुमानीने घाईघाईने तेच कार्ड काढून दिले. तिथल्या मुलीने ते उलटून पाहिले आणि काही न बोलता परत केले.

दोन स्टेंट पडले, पाच दिवस राहावे लागले, बिल पावणेचार लाखांचे झाले. सेवा संपताना मिळालेल्या रकमेतून वरचा मजला चढला होता आणि धाकटीचे लग्न झाले होते. शिल्लक राहिलेले त्या पाच दिवसांत गेले, आणि कमी पडले ते माझ्या अब्बांकडून उसने घ्यावे लागले. मामू बरे झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या काउंटरवरचा प्रसंग मुमानी अजून विसरलेली नाही.

मामूंच्या घरापासून दोन दारे पलीकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. दौंड हे जंक्शनचे गाव, इथे गल्लोगल्ली असे निवृत्त लोक भेटतील. निवृत्त होताना त्यांनी एकदाच वर्गणी भरली आणि रेल्वेच्या दवाखान्याचे कार्ड नवरा-बायको दोघांनाही मिळाले. दोघे शेजारी, दोघांनी घाम सारखाच गाळला. पण एकाच्या नोकरीबरोबर उपचाराची सोय घरापर्यंत आली आणि दुसऱ्याची विमानतळावरच संपली. कारण आखातातला विमा माणसाला मिळत नाही, तो व्हिसाला मिळतो.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सौदीत परदेशी कामगाराला विमा देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. दुबईत 2013 च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने तशीच सक्ती आली, अबुधाबीत त्याच्या आधीच होती. शारजा, अजमानसारख्या उत्तरेकडच्या अमिरातींमध्ये मात्र ही सक्ती 1 जानेवारी 2025 पासून लागू झाली. तिथला मूळ विमा वर्षाला 320 दिरहमचा आहे. सगळीकडे तत्त्व एकच. विमा नाही तर इकामा किंवा व्हिसा नाही, आणि इकामा संपला की विमाही संपला. फायनल एक्झिट लागून कंपनीने नाव काढले की कार्डावर पुढची तारीख छापलेली असली तरी ते निरुपयोगी. काहीजण 'व्हिसा अजून शिल्लक आहे' म्हणून इकडे आराम करत राहतात. अमिरातीचा साधा निवास व्हिसा असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यावर तो रद्द धरला जातो, हे त्यांच्या लक्षात नसते.

मग तिथेच का राहू नये, असे मुले विचारतात. राहता येते, पण कोणाला? अमिरातीत निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा आहे. त्यासाठी 10 लाख दिरहमची मालमत्ता किंवा तेवढीच बचत दाखवावी लागते, नाहीतर दरमहा 20 हजार दिरहमचे उत्पन्न, दुबईत 15 हजार. 10 लाख दिरहम म्हणजे आपले दोन कोटींहून जास्त. एसी मेकॅनिकने एवढे कुठून आणायचे? सौदीत तर 2017 च्या जुलैपासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा 100 रियाल लागू झाले आणि 2020 पर्यंत ते 400 वर गेले. बायको आणि तीन मुले धरली तर महिन्याला 1600 रियाल. मुमानी आणि मुले त्याच काळात परत आली. मामूंची शेवटची वर्षे एकट्याने खोलीत गेली.

सर्वांत स्पष्ट उदाहरण कुवेतचे. 2021 च्या सुरुवातीला तिथल्या मनुष्यबळ खात्याने 60 वर्षांवरच्या आणि पदवी नसलेल्या परदेशी माणसांचे वर्क परमिट नूतनीकरण बंद केले. त्यावर बराच वाद झाला आणि 2022 च्या जानेवारीत तोडगा निघाला. 250 दिनार फी भरा, शिवाय खाजगी आरोग्य विमा घ्या. तो विमा 500 दिनारांच्या आसपास होता. म्हणजे एका वर्षाच्या परवान्यासाठी पावणेदोन ते दोन लाख रुपये. तीस-तीस वर्षे तिथे राबलेल्या ड्रायव्हर, शिंपी, फोरमन लोकांसाठी वयाची साठी म्हणजे दरवाजा, आणि त्याला कुलूप विम्याचे. तिथले नियम त्यानंतरही बदलत राहिले आहेत. अशा नियमांवर म्हातारपण उभे करता येत नाही, एवढे मला कळते.

तेव्हा परत यायचे हे ठरलेलेच. प्रश्न उरतो तो इथल्या विम्याचा, आणि चूक होते ती वेळेची. मामूंनी काय केले असते तर? आल्या आल्या पॉलिसी काढली असती तरी ती त्या वेळी फारशी कामाला आली नसती. त्यांना बारा वर्षांपासून रक्तदाब होता. पॉलिसी घेण्याआधी जो आजार असतो त्याच्यासाठी कंपनी काही काळ पैसे देत नाही. हा प्रतीक्षा काळ पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षे असे. विमा नियामक संस्थेच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांनुसार 1 एप्रिल 2024 पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. आणि दम्माममध्ये 26 वर्षे विमा होता म्हणून इथे प्रतीक्षा काळात एका दिवसाचीही सूट मिळत नाही. एका भारतीय कंपनीकडून दुसऱ्या भारतीय कंपनीकडे जाताना आधीची वर्षे धरली जातात, परदेशी विम्याची धरली जात नाहीत.

म्हणून पॉलिसी परतल्यावर काढायची नाही, तिथे असतानाच काढायची. तिकडे इकामा चालू, कंपनीचा विमा चालू, आणि इकडे प्रतीक्षा काळ मागे सरकत राहतो. अनिवासी भारतीयाला इथली पॉलिसी घेता येते. उपचार भारतात घ्यायचे एवढेच. सुट्टीवर आल्यावर तपासण्या करून घ्याव्या आणि हप्ता तिथूनच आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून जाऊ द्यावा.

शिरूरच्या एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियन भावाने असेच केले, आणि तेही नाइलाजाने. तो शारजात होता. 2025 पर्यंत तिथे सक्ती नव्हती आणि त्याचा मालक काही देत नव्हता. 2019 मध्ये सुट्टीवर आला तेव्हा पन्नाशीला पोचला होता आणि साखर निघाली होती. त्याने बायकोसह पॉलिसी काढली. एजंट म्हणाला, साखरेचे लिहू नका, हप्ता वाढेल. त्याने लिहिले. हप्ता वाढला आणि चार वर्षांची अट लागली. पण ती चार वर्षे तो शारजातच होता! गेल्या वर्षी तो कायमचा आला. पायाची जखम चिघळली, नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि बिल कंपनीने भरले. एजंटचे ऐकले असते तर तेच कागद उलटले असते. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही हे खरे, पण जाणूनबुजून केलेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे.

ज्यांची वेळ निघून गेली आहे त्यांच्यासाठीही दोन दिलाशाच्या गोष्टी आहेत. एप्रिल 2024 पासून नवी पॉलिसी घेण्याची 65 वर्षांची मर्यादा उरलेली नाही. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. हप्ता तरीही जड आहे, हे नाकारत नाही.

सरकारी योजनांबद्दल आपल्या घरांत एक गैरसमज पक्का आहे. 'ते गरिबांसाठी, आम्ही तर सौदीवाले.' महात्मा फुले जनआरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे, पांढरे रेशनकार्डही त्यात आले. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. मामूंच्या स्टेंटचा उपचार या योजनेत बसतो आणि पुण्यात योजनेतली रुग्णालयेही आहेत. पण दोन अडचणी होत्या. ज्या रुग्णालयात नेले ते योजनेत नव्हते, आणि मामूंचे नाव रेशनकार्डावर नव्हते. परदेशात आहेत म्हणून कधीतरी कमी झाले ते परत चढवलेच नाही. धान्य घ्यायचे नाही तर कार्ड कशाला, असा आमचा हिशेब. शिरूर असो की दौंड, तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत नाव चढवून घेणे हे परतलेल्या माणसाचे पहिल्या महिन्यातले काम आहे. योजनेतले जवळचे रुग्णालय कोणते हे 155388 वर फोन करून आधीच विचारून ठेवावे. कळ आल्यावर कोणी फोन करत बसत नाही.

70 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी चालते, 5 लाखांचे संरक्षण मिळते. त्यात वय आधारवरून धरतात. आपल्याकडे जुन्या लोकांच्या पासपोर्टवर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी, हे काही नवीन नाही. ती आधी जुळवून घ्यावी. आधारच नसेल तर भारतीय पासपोर्टवर परदेशातून आल्यावर लगेच अर्ज करता येतो, 182 दिवस थांबण्याची अट 2019 मध्ये गेली.

कागदांच्या पिशवीत आणखी एक कागद सापडतो, प्रवासी भारतीय विमा योजनेचा. दहावी न झालेल्यांना आखातात जाताना तो काढावाच लागतो. 275 किंवा 375 रुपयांत दोन किंवा तीन वर्षे, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख. योजना चांगली आहे, पण परतल्यानंतरच्या आजारपणाशी तिचा संबंध नाही.

उलट दिशेचा प्रवासही वाढला आहे. शिरूरची एक खाला मुलाकडे दोहाला दोन महिने राहून आली. कतारने 1 फेब्रुवारी 2023 पासून पाहुण्यांना महिन्याला 50 रियालचा विमा सक्तीचा केला आहे, तो तिने घेतला होता. तिथे गुडघा सुजला आणि साखरेची औषधे संपली. हा विमा फक्त अपघात आणि तातडीच्या उपचारांपुरता असल्याने सगळा खर्च मुलाच्या खिशातून. आई-वडिलांना व्हिजिटवर बोलावणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे, आणि औषधे पूर्ण मुदतीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पाठवावीत. अमिरातीत आई-वडिलांना निवास व्हिसावर ठेवता येते, पण एका वेळी एकाच वर्षासाठी, आणि दोघांचाही विमा मुलाने काढायचा. सत्तरी उलटलेल्या माणसाचा तिथला हप्ता ऐकला की बेत तिथेच थांबतो.

राहिला जायज-नाजायजचा प्रश्न. अनेक घरांत पॉलिसी याच शंकेपाशी अडते. जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1985 मध्ये व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली. सौदीतला विमाही 'तआवुनी' म्हणजे सहकारी नावानेच चालतो. भारतात तसा पर्याय सहज मिळत नाही, आणि उपचाराच्या गरजेबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या मुफ्तींना विचारावे, पण पन्नाशीच्या आत विचारावे. ज्यांना पॉलिसी नकोच असेल त्यांनी सेवा संपताना मिळणाऱ्या रकमेतला एक भाग मजला चढवण्याआधी उपचारासाठी बाजूला काढावा.

मामूंनी गेल्या रमजाननंतर पॉलिसी काढली. एका कंपनीने नकार दिला, दुसरीने जास्त हप्ता घेऊन दिली. हृदयासाठी अजून दोन वर्षांहून अधिक काळ बाकी आहे. रेशनकार्डावर नाव चढले आहे. त्यांचा थोरला जुबैलमध्ये आहे, वय 36. तो मोहर्रमच्या सुट्टीत आला की त्याच्या तपासण्या करायच्या, असे मुमानीने ठरवले आहे. सौदीचे ते जुने कार्ड तिने पाकिटातून काढायला सांगितले, पण मामू ऐकत नाहीत. त्यावर त्यांचा तिशीतला फोटो आहे म्हणतात.